पाठीवर बांधलेल्या चार सॅक

बाबा,

तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा हा राग ताजा आहे, ह्याच आठवड्यातला. कारण ऐकलंत तर म्हणाल, एवढ्यासाठी कागद कशाला खराब करतोस. कारण म्हणजे एक सॅक. डोंगर चढणारी पोरं पाठीवर टाकतात ती मोठी पिशवी. तुम्ही मरोळच्या शेडमध्ये ताडपत्र्या, ट्रकची कव्हरं, पोस्टमनचे थैले असं सगळं कॅनव्हास उभं आयुष्य शिवलंत, आणि तुमच्या मुलाला एक पिशवी निवडता आली नाही. नुसती निवडता आली नाही असंही नाही. निवडली, आणि तिच्यापायी एक मुलगी बुडता बुडता राहिली. ती मुलगी कोण हे आधी सांगतो, नाहीतर तुम्ही नेहमीसारखे मधूनच उठून पाणी प्यायला जाल.

ती कॉलेजात दोन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होती, बॉटनीच्या प्रॅक्टिकलला. तिसऱ्या वर्षी माझं डेमॉन्स्ट्रेटरशी वाजलं, मी जर्नल त्याच्या टेबलावर फेकलं आणि जिना उतरलो, तो परत चढलो नाही. आता मरोळलाच एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, तुमच्या शेडपासून दोन गल्ल्या सोडून. ती मात्र शिकत राहिली, एम.एस्सी. करते, खारफुटीची पानं गोळा करते. मुलुंडला राहते. दर रविवारी मी घाटकोपरहून तिच्याकडे काही ना काही निमित्त काढून जातो, कधी पुस्तक द्यायला, कधी तेच पुस्तक परत मागायला. तिची आई मला चहा देते आणि विचारते, “मग, पुढे काय ठरवलंयस?” मी म्हणतो, “बघू.” आठ महिने मी बघतोय.

तिचा दादा मुलुंडच्याच एका कारखान्यात इंजिनियर आहे. तिथला परदेशी साहेब मायदेशी परत गेला तेव्हा दोन कनू मागे ठेवून गेला. कनू म्हणजे लांबट, निमुळती होडी. दोन माणसं, दोन वल्ही, आणि खोकला आला तरी डुलते अशी हलकी. दादाने बेत केला की थंडीत एका शनिवारी कशेळीच्या पुलाखालून निघायचं, ओहोटीबरोबर खाडीतून घोडबंदरच्या दिशेने जायचं, मध्ये काठावर तंबू ठोकून राहायचं आणि रविवारी परत. चौघं जण. दादा, ती, दादाचा एक मित्र, आणि मी. ह्या मित्राकडे स्कूटर आहे, म्हणून मी त्याला मनात स्कूटरवाला म्हणतो. तोंडावर म्हणत नाही, कारण माणूस चांगला आहे, तोच तर ताप आहे. त्याच्या घरून तिच्यासाठी विचारणा आलेली आहे. ट्रिपहून आल्यावर तिने हो की नाही ते सांगायचं असं त्यांच्या घरात ठरलं. मला हे तिनेच सांगितलं, शेंगा सोलता सोलता, उद्या भाजी कसली करायची ते सांगावं तसं. म्हणजे बाबा, माझ्याकडे ते दोन दिवस होते. जे काय सांगायचं ते त्या दोन दिवसांत सांगायचं होतं.

आता मला त्यात घेतलं का? कारण तिने दादाला सांगितलं, “ह्याला घेऊ या. हा मालवणचा आहे.” एवढंच. दादा खूश. “अरे वा, मग तुला पाण्यातलं सगळं कळत असणार.” बाबा, मी मालवण चार वेळा पाहिलंय. त्यातल्या एका वेळी मला गोवर आला होता. माझा जन्म घाटकोपरच्या चाळीत, पाण्याशी संबंध सकाळच्या नळापुरता. पण ती बघत होती, स्कूटरवालाही बघत होता, आणि मी म्हणालो, “हो, म्हणजे काय.” झालं. दादाने सामानाचं खातं माझ्याकडे दिलं. “सॅक कुठल्या घ्यायच्या ते तू ठरव बॉस. चौघांच्या. आम्ही सगळे डोंगरवाले, आम्हाला होडीतलं कळत नाही.”

इथपासून माझी वाट लागली. मी चोरबाजारात गेलो. तिथे मिलिटरीतून मोडीत काढलेले पाठीवरचे पिट्टू मिळतात, हिरवे, जाड कापडाचे, बसके. दुकानदार म्हणाला, “ले जाव, पत्थर है.” वास असा की आत कुणीतरी मेलंय. मुलुंडच्या घरात तिच्या आईसमोर तो पिट्टू टेकवायचा, ह्या विचारानेच मी तिथून निघालो. मग बिछान्याचा होल्डॉल बघितला. तो होडीच्या तळाशी छान पसरला असता, पण होल्डॉल घेऊन प्रेमात पडलेला माणूस तुम्ही कधी बघितलाय? शेवटी एका गिर्यारोहण मंडळाकडे अॅल्युमिनियमच्या पाइपांची फ्रेम असलेल्या उंच सॅक भाड्याने मिळतात असं कळलं. काय दिसत होत्या. डोक्याच्या वर हातभर उंच, पोटावर बांधायला रुंद पट्टा, पट्ट्याला लोखंडी बक्कल. चार आणल्या आणि दिवसभर कारखान्यात ठेवल्या. कारखान्यातून त्या घेऊन निघालो तर वाटेत तुमच्या शेडच्या दारात मिस्त्री बसलेले. ते अजून तिथेच आहेत, एक डोळा गेलाय. मला म्हणाले, “डोंगरावर चाललास काय रे?” मी म्हटलं, “नाही, होडीतून.” ते सॅककडे बघत राहिले आणि म्हणाले, “बस तर आत जरा, चहा मागवतो.” मला घाई होती. मी म्हटलं, “मिस्त्री, तुमचा चहा पिऊन पिऊन बाबा गेले.” हे असं मी बोलतो, बाबा. कुठून येतं माहीत नाही. ते काही बोलले नाहीत. तुमच्याच शेडमधले ना.

खरी अक्कल तर मी नंतर पाजळली. जायच्या आधीच्या रविवारी पवईच्या तळ्यावर सराव ठेवला होता, सगळं सामान भरून. कनूच्या तळात नेहमी थोडं पाणी साचतं, आणि सॅक तिथे ठेवल्या तर भिजणार. दादाने विचारलं, “आता काय करायचं?” मला काय माहीत काय करायचं. मी म्हणालो, “पाठीवरच ठेवायच्या. पट्टे आवळून. आमच्याकडे असंच करतात.” आमच्याकडे. मला अजून ते दोन शब्द आठवले की कानशिलं तापतात. तिने लगेच सॅक चढवली, पट्टा पोटावर आवळला आणि माझ्या पुढ्यात बसली, कारण मी माहीतगार म्हणून दादाने तिला माझ्या कनूत दिलं होतं. दादाने त्याची चढवली. स्कूटरवाल्याने चढवली आणि दोन मिनिटांत उतरवली. “यार, मला हे कुणीतरी मानगुटीवर बसल्यासारखं वाटतंय, मी नाही घालत.” मी त्याला हसलो. मी म्हटलं, “भिजली तर रडू नकोस.”

काठापासून आम्ही फार लांब गेलोच नव्हतो. तिला पाण्यात कसलीतरी वेल दिसली, ती वाकली, तिच्या पाठीवरची ती उंच सॅक तिच्याबरोबर वाकली, आणि कनू अशी सहज पालथी झाली की मला आधी कळलंच नाही. मी माझ्या बाजूला पडलो तिथे चिखल होता, पाय टेकले, पाणी छातीपर्यंत. ती पलीकडच्या बाजूला पडली, तिथे खोल होतं. सॅकमध्ये पाणी भरलं आणि त्या वजनाने ती खाली गेली. मला तिचे हात दिसतात, पोटाशी बक्कल शोधतायत. ओला पट्टा सुटत नाही. तिला पोहता येतं, बाबा, चांगलं येतं, पण पाठीवर एवढं बांधल्यावर कोण पोहेल. आणि मी उभा आहे. मी कनूची कड धरून उभा आहे. स्कूटरवाल्याने दुसऱ्या कनूतून उडी टाकली, खिशातल्या चाकूने पट्टा कापला आणि तिला वर काढलं. त्याच्या पाठीवर सॅक नव्हती म्हणून त्याला ते जमलं.

काठावर ती खूप वेळ खोकत होती. मग केस पिळले, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, “तुमच्याकडे खरंच असं करतात?” मी म्हणालो, “हो. आज वारा होता.” वारा अजिबात नव्हता.

घरी आलो तो आईवर ओरडत. आई स्टोव्हला पंप मारत होती. मी म्हटलं, बाबा कोकणातले, सात पिढ्या पाण्यावर, आणि मला एक गोष्ट शिकवली नाही. पोहायला नाही, वल्हवायला नाही, काही नाही. बोलताना मला अचानक गावची ती खाडी आठवली. तुम्हाला आठवते की नाही कोण जाणे. मी पाचवीत गेलो तेव्हा तुम्ही मला खाकी कॅनव्हासचं दप्तर शिवलं होतंत, दोन खांद्यांना अडकवायचं, कडेला लाल गोट. सगळ्या वर्गात तसं कुणाकडे नव्हतं. मे महिन्यात गावी जाताना मी ते रिकामंच पाठीवर घेतलं होतं, आजीला दाखवायला. खाडी ओलांडायला होडीत बसलो आणि तुम्ही एकाएकी माझ्यावर झडप घातलीत. दप्तर ओढून काढलंत, एका खांद्याचा पट्टा तुटला, तुमचाच शिवलेला, आणि वर मला एक थोबाडीत. सगळ्या होडीसमोर. मी विचारलं, का मारलंत? तुम्ही म्हणालात, “गप बस.” पलीकडच्या काठावर विचारलं, रात्री आजीच्या समोर विचारलं. “गप बस.” पट्टा तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा शिवलात, तोही गपचूप. शेडमध्येही तसंच. मी एकदा एका थैल्याला बंद लावला होता, तुम्ही ब्लेडने सर्रकन उसवलात आणि म्हणालात, “ह्यो नाय.” ह्यो नाय तर कुठचो, ते सांगायला तुमच्या तोंडाला काय झालं होतं?

मी आईला म्हटलं, “त्या खाडीत त्यांनी मला मारलं का होतं, तेवढं तरी तुला माहीत आहे का?” आईने पंप थांबवला. म्हणाली, “तेंनी तुका कधीच सांगूक नाय?”

“नाही.”

“तेंचो धाकटो भाव तसोच गेलो. पाठीक तांदळाचा गाठोडा बांधलेला. होडी कलंडली आणि गाठोड्यान तेका खाली नेल्यान. तुझे बाबा त्याच होडयेत होते. वीस वर्सांचे.” मग काडी ओढून स्टोव्ह पेटवला. “माका पण लग्नाक सात वर्सां झाल्यार सांगल्यानी. एकदाच.”

बाबा, एक वाक्य. होडीत पाठीवर काही बांधायचं नाही, माझा भाऊ असा गेला. एवढंच. एका श्वासात संपलं असतं. थोबाडीत मारायला वेळ मिळाला तुम्हाला, पट्टा पुन्हा शिवायला मिळाला, त्यानंतर चार वर्षं जगलात, रोज संध्याकाळी समोर बसून जेवलात, आणि हे वाक्य बोलायला वेळ मिळाला नाही. तुमचं दुःख तुमचं होतं, कबूल. पण ते माझ्या कामाचं होतं. मी त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठलो. आई म्हणाली, तुम्हीही असेच ताटावरून उठायचात, तेव्हा मुद्दाम परत बसून जेवलो.

सोमवारी कारखाना सुटल्यावर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी त्या चहाचं काही काढलं नाही. मीच म्हटलं, “चुकलो.” ते म्हणाले, “ते राहू दे. किती माणसं, किती सामान, होडीची कड किती उंच, ते बोल.” मी बोटांनी दाखवलं. मग त्यांनी खडू घेतला आणि जमिनीवर पिशवी काढली. बसकी, रुंद, होडीच्या कडेच्या वर न येणारी. फ्रेम नाही, पाइप नाही, कुठे अडकेल असं काही नाही. बाहेरून कॅनव्हास, आतून रेनकोटचं रबरी कापड, आणि तोंड लांब ठेवायचं, तीन घड्या गुंडाळून वर पट्टा मारायचा, म्हणजे उलटी झाली तरी पाणी जात नाही. दोन बाजूंना दोरीच्या मुठी, आणि एक लांब दोरी होडीच्या आडव्या दांडीला. मी विचारलं, “आणि खांद्याला?” मिस्त्रींनी डोळा माझ्यावर रोखला. “बांधायची तर होडीला बांध. माणसाला नाही.” बघा, एका डोळ्याचा माणूस, चौथी नापास, त्याला कारण देता येतं.

तीन संध्याकाळी मी शिवलं. तळहाताला चामड्याचा पट्टा, दाभण, मेण लावलेला दोरा. मिस्त्री समोर बसून नुसते “ओढ” आणि “सैल” एवढं म्हणत. एकदा मी बंद लावला तर म्हणाले, “इथे नको, शिवण वाकते तिथे कापड फाटतं. बोटभर खाली घे.” मी हात तसाच ठेवून बसून राहिलो. म्हणजे “ह्यो नाय” त्याचा अर्थ हा होता. बारा वर्षांनी कळला, तोही दुसऱ्याकडून.

गुरुवारी चारही पिशव्या घेऊन मुलुंडला गेलो. दादाने बादलीभर पाणी एकीवर ओतून बघितलं, आतला रुमाल कोरडा निघाला. स्कूटरवाला तिथेच होता, त्याने शिवण बोटाने तपासली आणि म्हणाला, “झकास रे. हे तू केलंस?” मनापासून म्हणाला. मला त्याच्यावर चिडायलाही जागा ठेवत नाही. मी निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली.

मी म्हटलं, “मला एक सांगायचंय. मला होडीतलं काही कळत नाही. पाठीवर बांधायचं ते मी तिथल्या तिथे बनवलं. आणि मला पोहताही येत नाही.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तू उभा होतास.”

बाबा, तुमची थोबाडीत त्यामानाने काहीच नव्हती.

पण मग ती म्हणाली, “दादाला मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो तुला नेणार नाही. तू एक ट्रकची ट्यूब घेऊन ये, हवा भरून. माझ्या होडीत बस, मध्ये, गप्प. मी वल्हवीन.” आणि हसली. थोडीशीच. म्हणजे जागा होती, बाबा. अजून होती. मला वाटलं आत्ताच सगळं बोलून टाकावं, ट्यूबची वाट कशाला बघायची. पण बोलायला लागलो ते भलतंच. काकांचं सांगितलं तिला. गाठोडं, होडी, तुम्ही वीस वर्षांचे. खाडीतलं दप्तर सांगितलं, थोबाडीत सांगितली. आजपर्यंत कुणाला सांगितली नव्हती. ती फाटकाला टेकून ऐकत होती. मग तिने विचारलं, “आणि त्यांनी तुला कारण कधीच सांगितलं नाही?”

हाच प्रश्न मला हवा होता. चार दिवस मी त्याचं उत्तर दातांत धरून फिरत होतो. नाही सांगितलं, कधीच नाही, म्हणून मी असा अडाणी राहिलो, म्हणून हे झालं. खरंच होतं ते. आणि तिला तेच ऐकायचं होतं असं मला वाटतं, तिला माझ्यासाठी कुठलंतरी कारण हवं होतं.

मी म्हणालो, “सांगितलं होतं. त्याच दिवशी, होडीतच. जवळ घेऊन नीट समजावलं होतं. मीच विसरलो.”

ती सरळ उभी राहिली. “विसरलास.”

“हो.”

“त्यांचा भाऊ असा गेला, ते त्यांनी तुला जवळ बसवून सांगितलं, आणि ते विसरून तू माझ्या पाठीवर सॅक बांधायला सांगितलीस.”

तिने फाटकाची कडी हातात धरली. मग म्हणाली, “तू येऊ नकोस. पिशव्या नेतो आम्ही. चांगल्या झाल्यायत.” आणि फाटक लावून घेतलं.

आज शनिवार. आत्ता दुपारी ते तिघं खाडीत असतील. माझ्या पिशवीत त्यांनी तंबू भरला असेल. ती कुणाच्या होडीत बसली असेल ते मला माहीत आहे, तुम्हीही ओळखाल, आणि उद्या घरी परतल्यावर ती काय उत्तर देईल तेही. आई विचारतेय, एवढं कुणाला लिहितोस. मी म्हटलं, कारखान्याचं आहे. तिच्या हातात पडायच्या आत हे फाडायला हवं.

ते खोटं का बोललो, हे सकाळपासून दहा वेळा स्वतःला विचारलं. तुमची कीव आली असं समजू नका. तुमच्यावरचा राग आहे तसाच आहे, त्यातला कणभर कमी केलेला नाही. फक्त ती तुमच्याबद्दल विचारत होती, आणि तिने तुम्हाला पहिल्यांदाच बघावं आणि तेव्हा तुम्ही तिथे मान खाली घालून गप्प बसलेले दिसावेत, हे मला सहन झालं नाही. एवढंच.